काना नसलेला दाखला

आमच्या वालूरला जुनी माणसं मला माजूर म्हणायची. शिवी म्हणून नाही, मायेनंच. निजामाच्या राजवटीतून मागं राहिलेला तो शब्द. ज्याच्याच्यानं अंगमेहनतीची कामं होत नाहीत आणि म्हणून ज्याला सगळ्यातून माफी आहे, तो माजूर. पंगतीत कुणीतरी हटकून म्हणायचं, "माजूर पोरगी हाय, तिला आदी वाढा," आणि पहिलं ताट माझ्या पुढ्यात यायचं. भूक लागलेली असायची तोवर मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चुलतीचा शब्द वेगळा होता. कुणी न विचारता काखेत हात घालून मला उचललं की मी चावायची. खरंच चावायची, मोठी झाल्यावरसुद्धा दोनदा चावले आहे. त्यावर चुलती म्हणायची, "लय माजुरी हाय ही." माजूर आणि माजुरी. ऐकायला सख्ख्या बहिणी, पण एकीत माफी आणि दुसरीत माज. मला विचाराल तर मला चुलतीचा शब्द जास्त आवडायचा. माफी मी कुणाकडं कधी मागितलीच नव्हती.

दोन वर्षांची असताना पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले. घरात मी हातांवर चालायची. हातांत चपला घालायच्या, जमिनीवर रेटायचं, अंग उचलायचं, पुढं टाकायचं. बाहेर जायला चाकाची खुर्ची होती, परभणीच्या एका निवृत्त नर्सबाईंनी दिलेली. ती सरळ ढकलली तरी डावीकडं ओढायची आणि आमच्या गल्लीत पावसाळाभर रुतून बसायची, पण माझी होती. शिवाय लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर होते. ते पायांवर चढवून मी ओट्याला धरून उभी राहू शकत होते, चालू शकत नव्हते.

या कॅलिपरनंच मला धंद्याला लावलं. त्याचा मांडीवरचा चामडी पट्टा दर वर्षी तुटायचा आणि तेवढ्यासाठी दादाला मला घेऊन पुण्याला जावं लागायचं. मानवतच्या बाजारात बूट शिवणारे एक काका होते. एकदा तुटका पट्टा घेऊन मी त्यांच्याकडं गेले आणि त्यांनी तो शिवून न देता आरी माझ्याच हातात दिली. दोन वर्षं त्यांच्याकडं जाऊन येऊन मी चामडं कापायला आणि शिवायला शिकले. मग आसपासचे लोक आपले तुटके पट्टे माझ्याकडं आणू लागले. एकदा येलदरीचा एक मासे धरणारा माणूस लेकीचा कॅलिपर घेऊन आला. पट्टा नीट होता. पोरगी वाढली होती आणि लोखंड आखूड पडलं होतं. लोखंडातलं मला काही कळत नव्हतं. तो बिचारा "बरं ताई" म्हणून कॅलिपर परत पिशवीत घालून गेला. त्या दिवशी मला माझाच फार राग आला. चामडं शिवून कौतुक करून घेत बसले होते, आणि पोरीला उभं करणारी गोष्ट मला येत नव्हती.

दिल्लीत एक संस्था वर्षभरात कॅलिपर बनवायला शिकवते, असं गावच्या एका मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. मी एक पट्टा शिवला, पार्सल केला आणि सोबत पत्र पाठवलं. पत्रात खरं ते लिहिलं. रेल्वेनं दिल्लीला येणं माझ्याकडून होणार नाही. डब्यात मला चढवता येतं, पण तिथल्या संडासापर्यंत मला जाता येत नाही, आणि दोन दिवस पाण्याविना काढायचं वय आता राहिलं नाही. हे मी जरा ठसक्यातच लिहिलं होतं. उत्तर येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं.

उत्तर आलं, आणि त्यात औरंगाबादहून दिल्लीचं विमानाचं तिकीट होतं. मुलाखतीला या, पट्टा आवडला. पण खाली एक अट होती. एकटीनं यायचं, सोबत कुणाला आणायचं नाही. वसतिगृहात सोबतच्या माणसाची सोय नाही, आणि तुमचं तुम्हाला करता येतं का हेच आम्हाला पाहायचं आहे. मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. दादा म्हणाला, "म्हंजी इथंच नापास केलं की तुला." दादा प्रेमळ माणूस, पण मला कुठंही न्यायचं म्हणजे आपण न्यायचं, याच्यापलीकडं त्याची कल्पना जात नसे. मी म्हणाले, मी जाणार. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं खुर्चीच्या चाकांना तेल घातलं, त्यावरून मी काय ते समजले.

तिकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की अशा प्रवाशानं डॉक्टरचा दाखला आणावा. मानवतला आमचे जुने डॉक्टर होते. ते हैदराबादला शिकलेले, सत्तरीच्या पुढचे, निम्मं मराठी आणि निम्मं दखनी बोलणारे. त्यांचा हात कापायचा म्हणून ते तोंडानं सांगत आणि त्यांचे कंपाउंडर लिहीत. कंपाउंडरांचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

डॉक्टरांनी माझी छाती तपासली, नाडी पाहिली, डोळे पाहिले. मग खुर्चीत मागं टेकून सांगू लागले, "लिखो. ही मुलगी माजूर आहे, मगर तब्येतीनं एकदम तंदुरुस्त. हवाई जहाजानं अकेली जाऊ शकते, आपली काही हरकत नाही." कंपाउंडरांनी त्याचं शुद्ध मराठी करत झरझर लिहिलं. डॉक्टरांनी चष्मा न लावताच सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "बेटी, वरून बघशील तेव्हा मानवत दिसतं का सांग." मी कागद घडी करून कुर्त्याच्या खिशात घातला. वाचला नाही. तीच चूक झाली.

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. बंद कधी पुकारला जाईल आणि एसटी कधी डेपोतच उभी राहील याचा नेम नसे, म्हणून आम्ही दोन दिवस आधीच निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझी वहिनी. औरंगाबादला तिची मावसबहीण राहायची, तिच्याकडं मुक्काम करायचा आणि विमानतळावर वहिनीनं मला सोडायचं, असं ठरलं होतं. वहिनी माझ्याच वयाची, अंगानं काटक. दिवाळीनंतर ती आणि दादा ऊसतोडीला जात, आणि मोळ्या उचलून तिचे दंड असे झालेले की मला पाठुंगळी घेऊन ती एसटीत चढायची आणि वर कंडक्टरशी तिकिटावरून वादही घालायची. माझी खुर्ची टपावर बांधायलाही तीच चढली.

सेलू मागं पडल्यावर मी सहज दाखला उघडला. लिहिलं होतं, "सदर बाई मजूर असून प्रकृतीने तंदुरुस्त आहेत. त्यांनी विमानाने एकटीने प्रवास करण्यास वैद्यकीयदृष्ट्या हरकत नाही."

मी पुन्हा वाचलं. मजूर. एक काना राहिला होता. कंपाउंडरांचा तरी काय दोष म्हणावा. जिनिंगमधले, ऊसतोडीवरचे लोक रजेसाठी आणि कशाकशासाठी दाखले न्यायचे, आणि त्या प्रत्येक दाखल्याची सुरुवात "सदर इसम मजूर असून" अशीच व्हायची. त्यांच्या हाताला तेच वळण पडलेलं होतं.

"काय झालं हो, वन्सं?" वहिनीनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं.

"डॉक्टरनं मला माजूर सांगितलं आन् कंपाउंडरनं मजूर लिहिलं."

"मग?"

"मग काय मग? मी काय मजूर हाय का?"

वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी हाय की. वाईट असतंय का काय ते?"

मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. माझ्या खुर्चीसाठी टपावर चढलेल्या बाईसमोर मी मजूर हा शब्द नाक मुरडून उच्चारला होता.

थोड्या वेळानं मी पेन काढलं. एक उभी रेघ ओढायची होती, बस. एसटी धक्के देत होती, पण तेवढी रेघ मला आली असती. मग मनात आलं, औरंगाबादच्या विमानतळावर माजूर हा शब्द कोण वाचणार? डॉक्टरांच्या पिढीची माणसं सोडली तर तो आता कुणाला कळत होता? बाई माजोरी आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, असाच त्याचा अर्थ झाला असता. आणि डॉक्टरांचं म्हणणं तरी मला कुठं मान्य होतं? मी पेन परत ठेवलं. जे लिहिलं होतं ते राहू दिलं.

विमानाच्या दिवशी पहाटेपासून मी पाण्याचा घोट घेतला नाही. खुर्चीवर फिरणारी माणसं हे न सांगता ओळखतील. वहिनीच्या बहिणीनं दशम्या बांधून दिल्या होत्या, त्याही मी तशाच ठेवल्या. अंगात मी शिवलेली सलवार होती, बसायच्या जागी जाड कापडाचं दुहेरी अस्तर लावलेली. सरकावं लागेल, याचा मला अंदाज होताच.

विमानाची कंपनी कुठली ते सांगत नाही. नव्यानंच निघालेल्यांपैकी एक होती आणि आता ती आहे की बुडाली, हेही मला माहीत नाही. विमानतळावर तिकिटाच्या खिडकीशी बसलेला अधिकारी तरुण होता, नीटनेटका. तो उद्धट नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. त्यानं तिकीट पाहिलं, मला पाहिलं, खुर्ची पाहिली आणि विचारलं, "सोबत कोण येतंय?"

"कुणी नाही."

"बाई, अपंग प्रवाशाला एकट्यानं नेता येत नाही. नियम आहे आमचा."

वहिनी पुढं झाली. "साहेब, मी येते की. जागा नको मला, उभी राहीन."

तो हसला. मी म्हणाले, "ह्यांना नेलं तर मला तिकडं घेणार नाहीत. एकटीनंच यायचं, असं त्यांनी लिहिलंय." मी पत्र दाखवलं. त्यानं ते खरोखर लक्ष देऊन वाचलं.

"बरं," तो म्हणाला, "दाखला आणलाय का?"

मी दाखला दिला. तो वाचताना त्याच्या कपाळावर आठी चढली. त्यानं तो उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "यात तुम्ही मजूर आहात, असं लिहिलंय. अपंग असल्याचं काहीच नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, असं म्हणणार नाही. मला फक्त एवढं कळलं की हा माणूस कागदावरून चालणारा आहे, आणि कागद माझ्या बाजूनं बोलतोय. मी विचारलं, "मग? मजुरांना एकट्यानं जाता येतं ना?"

"बाई, चेष्टा करू नका."

"मी करत नाही. नियम सांगा."

त्यानं नियम सांगितला, आणि तो असा होता. अपंग प्रवाशाचा एक फॉर्म असतो. तो भरला की कंपनीची खुर्ची मिळते, विमानाच्या जिन्यावरून उचलून नेणारी माणसं मिळतात, आणि सोबत माणूस असावाच लागतो. फॉर्म भरला नाही तर सोबतीची सक्ती नाही, पण मग खुर्ची नाही, उचलणारी माणसंही नाहीत. इतर प्रवाशांसारखं आपल्या आपण चढायचं. माझी स्वतःची खुर्ची सामान म्हणून विमानाच्या पोटात जाणार.

म्हणजे मदत घेतली तर जाता येत नव्हतं, आणि जायचं तर मदत घेता येत नव्हती. ज्यानं कुणी हा नियम केला त्याला एकदा वालूरच्या गल्लीत माझ्या खुर्चीत बसवून सोडायला हवं, असं माझ्या मनात आलं. तोंडानं मी एवढंच म्हणाले, "फॉर्म भरायचा नाही. दाखल्यात लिहिलंय तेच खरं. मी हातानं काम करून पोट भरते."

"आणि जिना?"

"माझा मी चढेन."

तो माझ्या पायांकडं बघत राहिला. मागं रांग लागली होती, कुणीतरी खाकरत होतं. शेवटी त्यानं तिकिटावर शिक्का मारला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला काही झालं तर माझी नोकरी जाईल." हे तो खरं बोलत होता. मला त्याची कीव आली नाही, पण त्याची आठवण मात्र अजून राहिली आहे.

वहिनीला आत सोडत नव्हते. तिनं माझी ओढणी सारखी केली, दशम्यांची पुरचुंडी मांडीवर ठेवली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "वन्सं, कुणाला चावू नका." मग तोंड फिरवून तरातरा चालायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की ती नेहमी अशीच चालते.

आत एका हमालानं माझी खुर्ची ताब्यात घ्यायला हात पुढं केला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला रुमाल. बाहेर उन्हात विमान उभं होतं, आमच्या शाळेच्या मैदानाएवढं तरी अंतर. मी खुर्चीतून उतरून हातांत चपला घालायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "काय करायलाव, ताई?"

"खुर्ची सामानात जायचीय ना. मी अशीच जाते."

"खुर्ची जायचीय इमानाच्या पोटात. पोट तितं हाय." त्यानं बाहेर बोट दाखवलं. "तितवर खुर्चीला जायचंच हाय न्हवं? मग रिकामी कशाला जायची? बसा गुमान."

इतका साधा विचार त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी केला होता. मी परत खुर्चीत बसले आणि चाकं स्वतः ढकलत निघाले. तो शेजारून चालत राहिला, हात मागं बांधून. डावीकडं ओढायला लागली की नुसतं "उजवं, उजवं" म्हणायचा. जिन्याशी पोचल्यावर मी खाली उतरले आणि त्यानं खुर्ची मिटली. तो म्हणाला, "उचलू का? कुणाला सांगत न्हाई मी."

त्यानं विचारलं होतं. आयुष्यभर लोकांनी न विचारता उचललं, आणि या माणसानं विचारलं. म्हणूनच नाही म्हणणं जड गेलं. पण फॉर्म न भरता मला कुणी उचललेलं विमानातल्यांना वरून दिसलं असतं तर त्याचंही काही खरं नव्हतं आणि माझंही. मी नको म्हणाले.

जिना मी पाठमोरी चढते. बूड पहिल्या पायरीवर, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकवायचे, अंग उचलून वर घ्यायचं, मग पाय धरून ओढून घ्यायचे. आमच्या माळवदाच्या पायऱ्या मी अशाच चढत आले. या पायऱ्या पत्र्याच्या होत्या, खरबरीत आणि उन्हानं तापलेल्या. चपला हातात होत्या म्हणून तळवे वाचले, पण मनगटं भाजत होती. मी पाठमोरी, त्यामुळं मला विमान दिसत नव्हतं. मला खाली थांबलेले प्रवासी दिसत होते. सगळेच्या सगळे मान वर करून माझ्याकडं बघत होते. एक सफारीतले गृहस्थ म्हणाले, "अरे, कुणीतरी उचला तिला." मी वरून म्हणाले, "कुणी हात लावायचा नाही." आवाज फाटला माझा.

निम्म्यावर दंड थरथरायला लागले. पहाटेपासून पाणी नव्हतं. एका पायरीवर मी अडकले. अंग उचलेना, पाय खाली लोंबकळत राहिले, एक चप्पल निसटून खाली गेली. मला रडू आलं. वाईट वाटून नाही, संतापानं. आणि लाजही वाटली, इतक्या लोकांसमोर आपलं बूड एवढं जड झालेलं पाहून. येलदरीचा तो माणूस आठवला, "बरं ताई" म्हणून पिशवी उचलणारा. मी रडत रडतच अंग उचललं. खालून हमालानं चप्पल आणून माझ्या पायरीवर ठेवली आणि परत उतरून गेला.

वर हवाईसुंदरी तोंडावर हात ठेवून उभी होती. तिच्या पायांशेजारून मी आत सरकले, पहिल्या ओळीतल्या खुर्चीचा हात धरून वर चढले आणि बसले. सलवारीचं अस्तर पार फाटलं होतं. तिनं पाणी आणलं. मी घेतलं नाही. विमान उडालं तेव्हा मला आनंद झाला का, असं लोक अजून विचारतात. मला झोप लागली. मध्ये जयपूरला विमान उतरलं ते धक्क्यानं कळलं, मग पुन्हा झोपले.

दिल्लीला उतरल्यावर सगळे पटापटा निघून गेले. मी बसून राहिले. झाडणारी माणसं आत आली. हवाईसुंदरी येऊन म्हणाली, उतरा. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, माझी खुर्ची आणा. ती म्हणाली, तुमच्या नावावर खुर्ची लिहिलेलीच नाही, तुमची स्वतःची सामानात गेली, ती बाहेर मिळेल. मग जरा समजावणीच्या सुरात म्हणाली, "आप जैसे चढ़ीं, वैसे ही उतर जाइए."

तिनं हे वाईट बुद्धीनं म्हटलं नव्हतं. तिला वाटलं, हिला येतंय की. पण ते वाक्य मला असं लागलं की काय सांगू. सकाळी मी रडत रडत जशी पायऱ्या चढले ती आता माझी पद्धत ठरली होती, माझ्यासाठी केलेली सोय ठरली होती. पुढच्या खेपेला, त्याच्या पुढच्या खेपेला, माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला म्हणणार, ती बाई चढली होती की. मी म्हणाले, "नाही उतरणार."

मग एक साहेब आले. ते रागावले. म्हणाले, या विमानाला तासाभरात परत निघायचंय, पोलिसांना बोलावीन. मी म्हणाले, बोलवा. ते म्हणाले, तुम्ही एकट्यानं प्रवास करण्यालायक नाही, असं मी लिहून देईन. तेव्हा मात्र माझ्या हातापायांतलं बळ गेलं. म्हणजे हातांतलं. असा कागद संस्थेत पोचला असता तर सगळंच संपलं असतं. मी तरीही हलले नाही. साहेबांनी सूर बदलला. म्हणाले, "बाहेर तुमच्या संस्थेचा माणूस आलाय पाटी घेऊन. त्याला आत आणतो, तो तुम्हाला उतरवून नेईल."

त्याच माणसानं पुढं वर्षभर मला लोखंड तापवून वाकवायला शिकवलं. पण तेव्हा मी त्याला ओळखत नव्हते, आणि तो मला जोखायलाच आलेला होता. मी एकटी येते की कुणाच्या हातांवरून येते, एवढंच त्याला बघायचं होतं. मी म्हणाले, "त्याला आणायचं नाही. मी तुमच्या तिकिटावर आलेय, तुम्ही उतरवा."

"पण औरंगाबादला तुम्ही आपल्या आपण चढलात."

"तेव्हा गरज माझी होती," मी म्हणाले. "आता तुमची आहे."

हिंदी चुकीचं असेल, पण अर्थ पोचला. साहेब बाहेर गेले. विमान चालवणारा पांढऱ्या शर्टातला माणूस त्याच्या खोलीतून बाहेर आला, थोडा वेळ दाराशी टेकून उभा राहिला आणि मला विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं. माझी स्वतःची खुर्ची इथं वर दारापर्यंत आणायची. मी माझी मी तिच्यात बसणार. मग चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरायची, मला नाही. आणि तोंड पुढं करून उतरवायचं.

खुर्ची यायला पाऊण तास लागला. ती दारात मांडल्यावर मी सरकत गेले आणि चढून बसले. खाली पुढच्या फेरीचे प्रवासी उन्हात रांग लावून उभे होते, सगळे वर बघत होते. चार माणसं खुर्ची धरायला वाकली, आणि साहेब घड्याळाकडं बघत "चलिए, चलिए" म्हणू लागले. मी त्यांना थांबायला सांगितलं. दोन्ही पाय एकेक उचलून पायपट्टीवर नीट ठेवले, फाटलेल्या सलवारीवर कुर्ता सारखा केला, ओढणी घेतली, चाकांना ब्रेक लागलाय का ते दोनदा बघितलं. घाई करायचं मला काहीच कारण नव्हतं.